निशाणी

पारोळ्याच्या तहसिलीत रेकॉर्डची खोली
मागच्या अंगाला, सायकलस्टँडला लागून.
निकुंभ भाऊसाहेब रुमालाची गाठ सोडतात
तेव्हा धूळ उडत नाही, भुसा सांडतो,
वाळवीनं आमच्याआधी वाचून ठेवलेला.

आम्ही आलोय महामार्गात गेलेल्या
अकरा गुंठ्यांसाठी.
मोबदला अडलाय. मूळ खातेदार कोण?

घरात सगळ्यांना पाठ आहे : उखाजी.
उखाजीनं धुळ्याच्या बाजारात बैलजोडी विकली,
करंजवाड्याच्या शिवारात काळी घेतली
आणि उरल्या पैशांचा गूळ वाटला.
कुणी एक भेली म्हणतं, कुणी दोन.

सातबाऱ्यातून फेरफारात,
फेरफारातून कडईपत्रकात,
उन्हाळ्यात बोरीच्या वाळूत झिरा उकरतात
तसे आम्ही खाली खाली.
माझे वडील, मयत. त्यांचे वडील, मयत.
मग हिलाल बिन उखा, अज्ञान.
अज्ञान म्हणजे वयानं लहान, भाऊसाहेब सांगतात.
चुलतभाऊ तरीही हसतो.
पुढे अ. पा. क. एवढं लिहिलेलं,
त्यापुढचं पान नाही.

उखा स्वतः कुठेच नाही.
जिथे आहे तिथे कुणाचा तरी बाप.

सापडलं ते शेजाऱ्याच्या गहाणखतात,
चतुःसीमेत :
पूर्वेस नाला, दक्षिणेस गाडरस्ता,
उत्तरेस देवस्थान इनाम,
पश्चिमेस झुगाबाईचे शेत.

झुगाबाईचे.
हे नाव आमच्या घरात
कुणी कुणाला ठेवलेलं नाही.

मग तिचा दस्त निघाला, तळाच्या रुमालात.
विसपुते गुरुजींनी मोडी लावली,
चश्मा कपाळावर, कागद नाकाशी,
वास घेतल्यासारखे वाचतात ते.
आठ आण्यांचा स्टँप, वर राणीचं तोंड.
लिहून घेणार झुगाबाई कोम मयत उखा,
हिलाल अज्ञानाची पालनकर्ती,
जल तरु तृण काष्ठ पाषाण निधिनिक्षेपासुद्धा
रुपये एकशे ऐंशी,
पैकी साठ राहिले ते दोन हंगामांत फेडीन,
म्हणून घेणारीचीही निशाणी.

"मयत?" मी विचारलं.
"मयत. पुढे लिहिलंय, चार साल झाली."

बैल मग कुणी नेले धुळ्याला?
एकशे वीस रोख कुठून आले, कागद सांगत नाही.
गुळाचंही काही लिहिलेलं नाही.

खाली निशाण्या.
लिहिता न येणारी माणसं तेव्हा चित्र काढत :
वाण्याचा तराजू, पाटलाची कट्यार,
कुणब्याचा नांगर.
बाईनं काढायची बांगडी.
एक गोल. सोपा असतो.

तिच्या नावापुढे गोल नाही.
नांगर आहे.
रुमणं वाकडं, फाळ जरा जास्तच लांब,
कागद एका जागी टोकरलेला.
बाजूला कारकुनाचं बारीक अक्षर :
निशाणी नांगराची, खुद्द.

"लिहिणाऱ्याची चूक असेल," गुरुजी म्हणाले.
मग चश्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा पाहिलं.
"विधवा बाई. बांगडी कुठली काढील?"
थोड्या वेळानं : "पण मग नुसती रेघही चालली असती."

चुलतभावाला घाई. "आपला दावा बसस का भाऊसाहेब?"
"बसस. पन उखाना नाववर नही."
तो बाहेर जाऊन कुणाला तरी फोनवर
हे तीनदा समजावतो.

"कोन लागस ती तुमनी?" निकुंभ मला विचारतात,
रकाना भरायचाय.
बोटांवर मोजत जाते. खापरपणजी.
खापर. नांगरटीच्या दिवसांत त्या शेतात
अशी खापरं निघायची,
वडील ती बांधावर नीट रचून ठेवत,
फेकत नसत. का, ते विचारलं नाही.
आता तिथे दुभाजकात कण्हेर लावलीय.

नकलेचे वीस रुपये.
रजिस्टर माझ्याकडे वळवलं जातं,
नाव, गाव, सही.
पेन हातात घेऊन मी जरा जास्तच थांबते.

"सही येस ना, ताई?"